नववीच्या वर्गात 'सर्जनशील विचार' शिकवायचा म्हणजे नक्की काय करायचं?

खडूवाल्या_बाई

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला गणित-विज्ञान शिकवते. यंदा वेळापत्रकात शुक्रवारी शेवटचा तास 'सर्जनशील विचार' असा आलाय. नवीन शैक्षणिक धोरणाचं (२०२०) नाव घेऊन जे प्रशिक्षण झालं, त्याचा हा प्रसाद. प्रशिक्षणात एकविसाव्या शतकातल्या कौशल्यांची पीपीटी झाली, चहा-बिस्किटं झाली, हजेरीपटावर सह्या झाल्या. वर्गात जाऊन काय करायचं, ते मात्र राहूनच गेलं.

वर्गात ६४ मुलं. तास ३५ मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत आणि "बाई, ह्याने माझं पेन घेतलं" ऐकण्यात जातात. सुरुवात पुस्तकातल्या व्यायामाने केली: विटेचे जास्तीत जास्त उपयोग लिहा. घर बांधणे, कुंपण, चूल मांडणे, दार अडवायला. मागच्या बाकावरून आवाज आला, "डोक्यात घालायला." हसून झाल्यावर फळ्यावरची यादी सगळ्यांनी मुकाट उतरवून घेतली. ६४ वह्या, एकच यादी. पुढच्या शुक्रवारी एका मुलीने अगदी मनापासून विचारलं, "बाई, ह्याचं उत्तर गाईडमध्ये कुठल्या पानावर आहे?"

तर हा वेगळा तास असावा की विषयातच हे यावं? परीक्षेला नसलेली गोष्ट नववीची मुलं मनावर घेतात का? आणि मुख्य म्हणजे कुणी खरोखर वर्गात करून बघितलेलं सांगेल का? भाषणांच्या व्हिडिओच्या लिंका नकोत, व्हॉट्सॅपवर रोज येतात.

टवाळखोर

"डोक्यात घालायला" म्हणणाऱ्याला पैकीच्या पैकी द्या. बाकीचे ६३ गवंडी, हा एकटाच कवी.

चिकित्सक

बाई, विटेचा व्यायाम बिचाऱ्या वर्गात उगाच आणला जातो. तो गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या चाचण्यांमधला. १९५० साली तिथल्या मानसशास्त्र संघटनेचा अध्यक्ष म्हणून त्याने सर्जनशीलतेवर भाषण दिलं आणि तिथून या विषयाच्या अभ्यासाला जोर आला. पुढे टॉरन्सच्या चाचण्या आल्या, आपल्याकडे बाकर मेहदींच्या आल्या. एम.एड. केलेल्या कुणालाही विचारा, प्रबंधासाठी मेहदींची चाचणी वाटलेले निम्मे तरी निघतील. पण ह्या सगळ्या मोजायच्या चाचण्या आहेत, शिकवायच्या नव्हेत. रोज काट्यावर उभं राहून वजन उतरत नाही.

दुसरं, वर्गाने एकत्र ओरडून यादी करायची हेच मुळात चुकतं. 'ब्रेनस्टॉर्मिंग'चा बोलबाला झाला तेव्हा १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या तिघांनी ते तपासून पाहिलं होतं. चौघांना एकत्र बसवलं की जेवढ्या कल्पना येतात, त्यापेक्षा चार सुट्या माणसांच्या कल्पना गोळा केल्या तर जास्त आणि बऱ्या निघाल्या. एकत्र बसलं की पहिला बोलतो त्याच वाटेने सगळे जातात, तुमच्या ६४ वह्यांसारखे. म्हणून आधी पाच मिनिटं पूर्ण शांतता, प्रत्येकाने स्वतःचं लिहायचं, मग बोलायचं. फुकट आहे, गोंगाटही होत नाही.

गणिती_गोम

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हे सगळं थोतांड आहे. नववीत आलेल्या पोराला पाऊण अधिक अर्धा करता येत नाही आणि त्याला म्हणे सर्जनशील विचार शिकवा. ज्याच्या डोक्यात काहीच नाही तो कशाचा विचार करणार? विटेचा?

आपल्याच नाशिकजवळ देवळालीला द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होऊन गेले. त्यांना ६१७४ सापडला तो काही 'तासिके'त नाही. आयुष्यभर वजाबाक्या करत बसले म्हणून सापडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत). अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तराचं परत तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथेच अडकतो. ३५२४ घेऊन बघा:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आधी वजाबाकी, मग चमत्कार.

तिरकस

गोमकाका, उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते उभं आहे आमच्या बाजूला. कापरेकरांच्या काळातल्या बऱ्याच गणितज्ञांना हा मास्तर आकड्यांशी खेळत बसतो, असंच वाटायचं. नाव खऱ्या अर्थाने जगभर झालं ते १९७५ मध्ये गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा, तोवर ते शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. वजाबाकी तर सगळ्यांनाच येत होती हो. "हे परत परत केलं तर काय होईल?" हे त्यांनाच का सुचलं?

गणिती_गोम

कारण त्यांना वजाबाकीचा कंटाळा येत नव्हता. तुमच्या पिढीला येतो.

अनामिक_आई

मूळ धाग्याला सोडून लिहितेय, पण राहवत नाहीये. मुलाला (आठवी) आत्ता ६१७४ करायला दिलं. दोनदा आल्यावर तो म्हणाला, "तीन अंकी घेतली तर?" आम्ही बसलो. प्रत्येक वेळी ४९५! मग दोन अंकी घेतली तर थांबायलाच तयार नाही. ९ (म्हणजे ०९ धरून) → ८१ → ६३ → २७ → ४५ → परत ९. गोल गोल फिरतंय. आमच्याकडे जेवण थंड झालंय.

गणिती_गोम

@अनामिक_आई, शाब्बास! आता त्याला विचारा, सगळी उत्तरं ९ च्या पाढ्यातलीच का येतात. उत्तर सांगू नका. (सूत्र हवं असेल तर 'दशक गुणिले १० अधिक एकक' असं मांडून वजा करा.)

टवाळखोर

थोतांड म्हणणाऱ्या माणसाने धाग्यावरचा पहिला सर्जनशील तास घेतलाय, याची नोंद घ्यावी.

निवृत्त_नाना

मी मराठीचा मास्तर. वर्षानुवर्षं आत्मकथनं तपासली. फळ्याचं असो, नदीचं असो की फाटक्या छत्रीचं, सुरुवात ठरलेली: "अरे, असा घाबरून इकडे तिकडे काय बघतोस? मी बोलतोय मी!" शेवटही ठरलेला: "...एवढे बोलून तो आवाज बंद झाला आणि मी भानावर आलो." मधला मजकूर निबंधाच्या पुस्तकातला, फक्त नाव बदलायचं. एकाने तर छत्रीच्या आत्मकथनात "माझ्या पाण्याने शेतं पिकतात" लिहिलं होतं. नदीची छत्री करताना तेवढं वाक्य राहून गेलेलं.

तरी एक प्रसंग सांगतो. सहामाहीला विषय होता, 'सार्वजनिक नळाचे आत्मकथन'. एका पोराने जेमतेम नऊ ओळी लिहिल्या. पहाटेची रांग, हंड्यांचा आवाज, कुणी कुणाच्या आधी नंबर लावला म्हणून झालेली झोंबाझोंबी. वाक्यं आखूड, एकामागून एक. आणि शेवटची ओळ: "मग शेवटच्या म्हातारीचा हंडा लागला आणि मी". बस्स. पूर्णविराम नाही, पुढे काही नाही. त्याच्याखाली अर्धं पान कोरं.

स्टाफरूममध्ये यावरून जुंपली. मी म्हणालो, पाणी गेलं! नळ बोलता बोलता बंद पडला, आमच्या गावात पडतो तसाच. सहकारी म्हणाले, शब्दमर्यादा पाळली नाही, वाक्य अपूर्ण, आठपैकी तीन. पर्यवेक्षक म्हणाले, वेळ संपली असेल हो, तुम्हाला उगाच त्यात कविता दिसते.

चिकित्सक

नाना, मुलाला विचारलंत का?

निवृत्त_नाना

विचारलं. नुसता हसला आणि म्हणाला, "सर, तुम्हाला काय वाटतं?" मी सात दिले.

तिरकस

हे उत्तर देता आलं तेव्हाच आठवा मार्कही द्यायला हवा होता.

रेवडी

मला पर्यवेक्षकांचं पटतं. आपणच मुलांच्या अर्धवट कामात अर्थ शोधायला लागलो तर उद्या कोरी वही देऊन "हे वाळवंटाचं आत्मकथन आहे" म्हणतील. सर्जनशीलतेला मार्क द्यायचे म्हणजे काही निकष नकोत का?

टवाळखोर

@रेवडी, वाळवंटाची कल्पना ढापतोय. पोरगा यंदा दहावीला आहे.

मर्लायनची_शेजारीण

निकषांचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी सिंगापूरला असते, मुलगी इथल्या सेकंडरी शाळेत आहे. पिसा नावाची १५ वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी असते, तिच्या २०२२ च्या फेरीत पहिल्यांदाच सर्जनशील विचाराची वेगळी परीक्षा घेतली. निकाल २०२४ मध्ये लागला. सिंगापूर पहिलं, ६० पैकी सरासरी ४१. ही चाचणी घेणाऱ्या ओईसीडी संघटनेच्या सदस्य देशांची सरासरी ३३. भारत त्या फेरीत नव्हता. आणि हो, एकाही देशात मुलगे मुलींच्या पुढे गेले नाहीत. घरात सांगितलं तर नवरोबांनी विषय बदलला.

त्यात कामं तीन प्रकारची होती. एकमेकांहून वेगळ्या कल्पना सुचवा. एखादी अगदी निराळी कल्पना सुचवा. आणि दिलेली कल्पना तपासून सुधारा. प्रश्नही विटेसारखे अधांतरी नव्हते. चित्रकथेतल्या रिकाम्या फुग्यांत संवाद भरा, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला वाचनालय सोयीचं कसं करता येईल ते सांगा, असले. म्हणजे रेवडी म्हणतात तसे निकष लावता येतात.

आता गंमत. हे तेच सिंगापूर, जिथे सहावीच्या परीक्षेपायी आईबाप रजा काढतात आणि गल्लोगल्ली ट्यूशन सेंटरं आहेत. सरकारने १९९७ मध्ये 'विचार करणाऱ्या शाळा' अशी घोषणा केली, २००५ मध्ये 'कमी शिकवा, जास्त शिकू द्या' म्हणून अभ्यासक्रम हलका केला. ट्यूशन काही थांबली नाही. तेव्हा "परीक्षा आहे म्हणून सर्जनशीलता मरते" हे वाक्य मला आता तितकंसं पटत नाही. उलट हाँगकाँग, मकाऊ, तैवान गणितात जबरदस्त, पण ह्या चाचणीत सरासरीच्या आसपासच राहिले. म्हणजे नुसतं गणित आलं की झालं, असंही नाही.

गणिती_गोम

पण गणितात अगदी कच्ची असलेली किती मुलं त्यात वर आली, तेही सांगा की.

मर्लायनची_शेजारीण

फारच थोडी. तो मुद्दा तुमचा. गणितात पहिलं असायची गरज नाही, पण पाया कच्चा असून चालत नाही, असंच दिसतं.

गणिती_गोम

नोंद घ्यावी.

कोकणचा_हापूस

आमच्या वेळी सर्जनशीलता कॉपीत होती. एकाने फूटपट्टीच्या मागच्या बाजूला टोकदार कंपासने सूत्रं कोरली होती, उजेडात तिरकी धरली की दिसायची. दुसरा होकायंत्र घेऊन बसायचा आणि सुई ए-बी-सी-डीकडे वळवून खुणा करायचा. मास्तरांना वाटायचं, भूगोलाची आवड.

टवाळखोर

आमच्याकडे पंख्याच्या पात्यावर

संपादक

कॉपीच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढावा. टवाळखोर, प्रतिसाद मुद्दाम अर्धवट सोडून नानांच्या नळाशी स्पर्धा करू नये.

इंदूरचा_पोहा

बाईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. वेगळा तास की विषयातच, याचं उत्तर आमच्या मध्य प्रदेशात एकदा देऊन झालंय.

माझे वडील होशंगाबाद जिल्ह्यात मिडल स्कूलला मास्तर होते. मराठी माणूस, पण शिकवायचे हिंदीत. तिथे १९७२ मध्ये १६ शाळांपासून विज्ञान शिकवायचा एक प्रयोग सुरू झाला. 'किशोर भारती' आणि रसूलियाचं 'फ्रेंड्स रूरल सेंटर' अशा दोन संस्थांनी तो आणला, १९७८ ला अख्ख्या जिल्ह्यात गेला, नंतर 'एकलव्य' संस्थेने पुढे नेला. सहावी ते आठवीची मुलं, म्हणजे बाईंच्या वर्गाहून थोडी लहान. पण गंमत बघा, पुस्तकात उत्तरंच नव्हती. चार-चारच्या टोळ्या, पुढ्यात सामानाची पेटी, "करून बघा, काय दिसलं ते तक्त्यात लिहा, दुसऱ्या टोळीचं वेगळं का आलं ते भांडून ठरवा." पानं गोळा करून आणायची आणि गट पाडायचे, पण कशावरून पाडायचे ते मुलांनी ठरवायचं. वडील सांगायचे, एका टोळीने बकरी खाते ती आणि खात नाही ती, असे गट पाडले होते. मग त्यावर तासभर चर्चा. कुणाची बकरी?

आणि परीक्षा? पुस्तक उघडं ठेवून! प्रात्यक्षिकही वेगळं. पुस्तकात उत्तरच नाही म्हटल्यावर उघडून करणार काय? बाईंच्या त्या गाईडवाल्या मुलीचा प्रश्न तिथे निकालात निघाला होता. मुलांना काही अडलं तर 'सवालीराम'ला (हे एक काल्पनिक पात्र) पत्र लिहायचं, तो उत्तर पाठवायचा. वडिलांनी मात्र स्वतःच्या अडचणीही मुलांच्या नावाने विचारल्या, असा आईचा आरोप आहे.

तुमच्या पुण्याचा धागा इथे जुळतो. टेल्कोतले (आताची टाटा मोटर्स) तरुण इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे आले. आठवडे बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी दिसली आणि तिचे तुकडे काड्यांच्या टोकांना लावून त्रिकोण, घन, घर असं सगळं जोडायचा खेळ निघाला. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन लगेच कलतो. छपराच्या कैच्या त्रिकोणी का, ते पोरांच्या हातांनाच कळतं. पुढे ते पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं मुलांबरोबर हेच करत राहिले, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

रेवडी

मग तो प्रयोग आता कुठे आहे?

इंदूरचा_पोहा

२००२ मध्ये सरकारने बंद केला. तोवर हजाराच्या आसपास शाळांत पोचला होता. बाकी राज्यासारखंच पुस्तक इथेही चालावं, म्हणून. वडिलांनी पेटीतलं भिंग घरी आणलं नाही, दप्तरी जमा केलं. त्याची पावती अजून आहे.

हेडमास्तर_कदम

पंचवीस वर्षं या खुर्चीच्या आसपास आहे, म्हणून थोडं कडू बोलतो. सगळी चर्चा छान. आता दहावीच्या मार्कांचं गणित ऐका.

२०१९ च्या दहावीला भाषा आणि समाजशास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते. कृतिपत्रिका आली होती, स्वमताचे प्रश्न आले होते, पोरांनी स्वतः विचार करावा हाच हेतू. निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पालक, संस्थाचालक, पुढारी सगळे उठले. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के. (त्या वर्षी भूगोलाचा पेपर कोविडमुळे झाला नाही, हेही लक्षात घ्या.)

आता ह्यातून काय दिसतं? जे काही 'अंतर्गत' मध्ये जाईल, त्याचे सगळ्यांना अठरा-वीस मिळणार. उद्या सर्जनशील विचार अंतर्गतला घातला तर सगळा महाराष्ट्र सर्जनशील होईल, शंभर टक्के निकाल. आणि लेखी परीक्षेत घातला तर दिवाळीच्या आत 'अपेक्षित सर्जनशील प्रश्नसंच' बाजारात. स्वमताची तयार उत्तरं आत्ताच मिळतात. 'माझे मत' पाठ करून येतात पोरं!

तेव्हा बाई, तुमच्या शुक्रवारच्या तासाला मार्क नाहीत हे तुमचं नशीब समजा. आमच्या शाळेत एक खाजगी कंपनी येऊन गेली, रंगीत टोप्या घालून विचार करायचा कार्यक्रम घेऊन. ही कल्पना काढणाऱ्या एडवर्ड डी बोनोची पद्धत मूळची बरी असेल, मी वाचलेली नाही. यांनी प्रत्येक मुलामागे फी घेतली, सहा टोप्या ठेवून गेले आणि फोन उचलणं बंद केलं.

टवाळखोर

म्हणजे सातवी टोपी शाळेला घातली.

वेल्डिंगवाला

मी फार शिकलेला नाय, दहावी झाल्यावर आयटीआय. आता शिरूरकडं माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पण ह्या विषयावर मला बोलायचंय, कारण मला ज्यानं विचार करायला शिकवलं तो शाळेतलाच तास होता.

आमच्या हायस्कुलात पाबळच्या विज्ञान आश्रमाचा विषय होता, आयबीटी म्हणायचे, म्हणजे 'इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी'. डॉ. कलबागांनी ८३ साली आश्रम काढला त्यातून आलेला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस सगळा त्यालाच. वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, कोंबड्या, माती-पाणी तपासणी, स्वयंपाकसुद्धा. पोरी वेल्डिंग करायच्या, आम्ही चिक्की. आणि काम खोटं नाय. गावातल्याच कुणाचंतरी खरं काम, खरं गिऱ्हाईक.

आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीचे नळ उंच. पाचवीची पोरं उड्या मारून पाणी प्यायची, निम्मं अंगावर. निदेशक म्हणले, करा काहीतरी, पण आधी चित्र काढा आणि खर्च लिहून आणा. आम्ही पयल्यांदा लोखंडी स्टूल काढलं. खर्च बघून हेडसर नको म्हणले. मग सिमेंटची पायरी काढली, तर मोठी पोरं अडखळून पडणार. शेवटी एका पोरीनं म्हणलं, पोरांना वर कशाला चढवताय, नळ खाली आणा की. टी लावून दीड फूट पाईप खाली घेतला आणि दोन नळ बसवले. सगळ्यात स्वस्त तेच पडलं.

आता मी पोरं कामाला ठेवतो तवा हेच बघतो. ज्याला खर्च लिहिता येतो त्याला डोकं चालवावंच लागतं. पैशे कमी असले की डोकं चालतं, हे मी सांगतो तुम्हाला.

निवृत्त_नाना

वेल्डिंगवाले, वाचून आनंद झाला. माझ्या नळानंतर तुमचा नळ.

चिकित्सक

"नळ खाली आणा की" हे ह्या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य. प्रश्न होता 'पोरं वर कशी जातील', तिने प्रश्नच बदलला. आणि बघा, अट (खर्च) नसती तर स्टुलावरच थांबले असते. मुलांना मोकळं सोडलं की कल्पना फुटतात असा समज आहे. वर्गात बरेचदा उलटं होतं. मोकळं सोडलं की वीट मिळते.

अनामिक_आई

+१

खडूवाल्या_बाई

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी उचलल्या: चिकित्सकांची शांतता आणि सिंगापूरच्या ताईंचं 'दिलेली कल्पना सुधारा'. शुक्रवारची वाट न बघता नववी ब ला गणिताच्या तासालाच घेतलं. वृत्तांत देते.

फळ्यावर लिहिलं: उत्तर = ३६ चौ. सेमी. प्रश्न काय? पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. निम्म्या वर्गाने ६ बाजूचा चौरस काढला. बऱ्याच जणांनी ९ × ४, १२ × ३. एकाने ३६ × १ काढून खाली 'फूटपट्टी' असं लिहिलं.

मग वही शेजाऱ्याला द्यायची. शेजाऱ्याने तीच आकृती घ्यायची पण एक बदल करायचा, उत्तर ३६ च राहिलं पाहिजे. नाहीतरी बघून लिहितातच, म्हटलं, लिहा, पण बदलून. इथे वर्ग जागा झाला. चौरसाचा कोपरा कापून दुसरीकडे चिकटवला, समांतरभुज आले, एल आकार आले. एकाने मोठ्या चौरसातून लहान चौरस काढून टाकला, १० चा आणि ८ चा, मध्ये भोक. फोटोच्या फ्रेमसारखं.

तिसऱ्या फेरीला अट घातली: आकृतीत एकतरी वक्र रेषा हवी. पहिल्या बाकावरचे दोघे लगेच ३६ ला ३.१४ ने भागून वर्गमूळ काढायला बसले, तास संपेपर्यंत तेच करत होते. तिसऱ्या बाकावर एक मुलगी आहे, गणितात काठावर पास होते. तिने ६ चा चौरस काढला, डाव्या बाजूला आतून अर्धवर्तुळ खोडून टाकलं आणि तेवढंच अर्धवर्तुळ उजव्या बाजूला बाहेरून लावलं. मी विचारलं, "त्रिज्या किती घेतलीस?" ती म्हणाली, "कितीही घ्या बाई. काढलं तेवढंच लावलंय."

फळ्यावर तिला काढायला लावलं. पहिल्या बाकावरच्यांनी कॅल्क्युलेटर मागितला होता, त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. शेजारच्या वर्गातून मात्र निरोप आला, "बाई, जरा आवाज कमी."

गणिती_गोम

"कितीही" नाही. ३ पेक्षा जास्त त्रिज्या चालणार नाही, बाजू ६ ची आहे. हे तिला सांगितलंत का?

बाकी उत्तम. पण एक लक्षात घ्या. तिला हे सुचलं, कारण क्षेत्रफळाचे तुकडे इकडचे तिकडे केले तरी बेरीज तीच राहते, हे तिला आतून माहीत होतं. सूत्र पाठ नसेल, पण ज्ञान होतंच. माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.

तिरकस

आणि ज्यांना सूत्र पाठ होतं ते वर्गमूळ काढत बसले. काका, निदान तुमचं म्हणणं जरा खाली तरी आणा, त्या नळासारखं.

हेडमास्तर_कदम

बाई, त्या मुलीच्या आकृतीचा फोटो माझ्या शाळेतल्या गणिताच्या सरांना दाखवायचा आहे. आणि आवाजाचं मनावर घेऊ नका. पाठटाचणात 'अध्ययन निष्पत्ती: संयुक्त आकृतीचे क्षेत्रफळ' लिहा, पद्धत 'गटचर्चा' लिहा. तपासणीला कुणी आलं तरी कागदावर सगळं जागच्या जागी. वेगळा तास हवा की नको, ह्यावर माझं मत आता नको असंच आहे. तो शुक्रवारचा तास विज्ञानाच्या राहिलेल्या प्रयोगांना वापरा आणि वर नाव तेच ठेवा.

मर्लायनची_शेजारीण

कदम सरांचं हे उत्तर पिसात 'निराळी कल्पना' या सदरात बसेल.

रेवडी

मी अजूनही नानांच्या नळाला चारच देईन. पण बाईंच्या ३६ ला हरकत नाही, कारण तिथे बरोबर-चूक तपासता येतं. भाषेत काय करणार?

निवृत्त_नाना

भाषेतही अट घालता येते. मी पुढे एक करायला लागलो होतो: आत्मकथन लिहा, पण 'मी बोलतोय' हे शब्द वापरायचे नाहीत, आणि कशाचं आहे ते नाव न घेता वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. निबंधाचं पुस्तक तिथेच आडवं पडतं. शेजाऱ्याने वाचून ओळखलं तर पास. तपासायलाही मला कमी श्रम, अर्धं काम शेजारी करतो.

अनामिक_आई

आमच्या घरचा ताजा प्रश्न, मुलाने विचारलाय: त्या मुलीच्या आकृतीचं क्षेत्रफळ ३६ च राहिलं, पण परिमिती? चौरसाची २४ होती.

गणिती_गोम

त्रिज्या ३ धरा. डावी-उजवी बाजू जाऊन दोन अर्धवर्तुळं आली, म्हणजे ६π, वर आणि खाली मिळून १२. साधारण ३०.८४ सेमी. आता मुलाला विचारा, क्षेत्रफळ ३६ च ठेवून परिमिती १०० करता येईल का? हजार? आणि २४ पेक्षा कमी? सूत्र न वापरता नुसतं चित्र काढून दाखवायचं. बाई, हे तुमच्या शुक्रवारच्या तासाला घ्या, हवं तर माझ्या नावाने घ्या.

खडूवाल्या_बाई

घेते की. फक्त या शुक्रवारी बीएलओच्या कामावर जायचंय, मतदार याद्या. पुढच्या शुक्रवारी घेऊन इथेच लिहीन. आणि हो, गोमकाका, '३ पेक्षा जास्त नाही' हे तिला सांगायच्या आधी तिनेच दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं.